दुसऱ्या बोलीचं इंजिन

कारवार
१४ एप्रिल २०२४

वहिनी,

तुमचं पत्र शनिवारी पोचलं. माझं अक्षर सातवीवर अडकलेलं हाय, तुमी बारावीवाल्या, सांभाळून वाचा. इथं कामाच्या हद्दीत मोबाईल नेऊ देत नाय. ठेकेदाराच्या कचेरीत कपाटात कोंडून ठेवतात आणि महिन्यातनं एकदा बाजारात सोडतात तेव्हा हातात देतात. दिला तरी लावू कुणाला? दादानं त्याच्या मोबाईलवर माझा नंबर ब्लॉक केलाय आणि तुमचा फोन खाडीत गेलाय. म्हणून हा कागद. खोलीतले बिहारी पोरगे विचारतात, किसको लिखता है, माशूका को? मी म्हटलं, भाभी को. तर अजून हसायला लागले. त्यांना वहिनी काय असते ते ठाऊक नाय.

इंजिनाचा क्रँक तुटला आणि मिस्त्रीनं हात वर केले हे वाचून जेवण गेलं नाय. आणि दादा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो? तांडेल म्हणून सुकाणूवर उभा असला की जो देवाशी पण बोलत नसे, तो आता दुसऱ्या तांडेलाचं ऐकून जाळं ओढतो? कसा ओढतो, मला बघवणार नाय.

तर तुमी म्हणता की नवं परवडत नाय, म्हणून दादाच्या मोबाईलवरच्या लिलावात जुनं इंजिन बघताय, आणि पावसाळ्याची मासेमारीबंदी उठायच्या आत ते बसलं तर बोट यंदा दर्यात जाईल, नायतर जाणार नाय. बसवा. एक सांगतो, दादाला आत्ताच सांगू नका. इंजिन बसलं तर मी पण येतो. इथं दिवसभर आमी काँक्रीटचे चारपायी ठोकळे ओततो आणि क्रेन ते दर्यात टाकते, बंधारा करायला. जाळं टाकणाऱ्या माणसानं दर्याला दगड मारावे असं काम हाय. जीव लागत नाय. दादाला सांगितलं तर म्हणेल, हा मागं भर हंगामात बोट टाकून वापीला पळाला, आता पण चार महिन्यात पळेल. म्हणू द्या. पण इंजिन बसल्यावर.

आता लिलावाचं. वापीनंतर सुरतला मी ज्या गोडावनात पॅकिंगला होतो ना, तिथं बाजूच्या खोलीत तीन पोरं लिलावात फसवायचा धंदा करायची. मी त्यांना चहा नेऊन द्यायचो, म्हणून बघितलंय. विकणाऱ्याच्या नावापुढं तारे असतात त्यांच्यावर जाऊ नका. ती पोरं आधी मोबाईलची कव्हरं विकायची, आपलीच आपण घ्यायची आणि खाली आपणच लिहायची, एकदम मस्त माल. तारे जमले की एक दिवस त्याच नावानं जनरेटर विकायला काढायची. कव्हरवाल्याकडं जनरेटर कुठनं आला, असं गिऱ्हाईक विचारतच नसे. म्हणून मागं जाऊन बघायचं, ह्या माणसानं आजवर काय काय विकलंय. दुसरं, भाव लई कमी असला तर त्याला कारण काय ते विचारायचं, आणि कारण लई रडकं असलं तर अजून एकदा विचारायचं. एका चिठ्ठीवर आपल्या गावाचं नाव मुरबे लिहून, तारीख टाकून, ती इंजिनावर ठेवून फोटो मागा. खरा माणूस शिवी देईल पण फोटो देईल. आणि पैसे त्या साइटच्या आतूनच. बाहेरनं द्या म्हटलं की फोन ठेवायचा, बोलायचं पण नाय.

आईला सांगा, मी जेवतो.

निमेश

•

मुरबे
२ मे २०२४

भाऊजींस हेमांगीचा नमस्कार.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं, येण्याचं सोडून. हे जाळं शिवत बसले होते. ऐकताना सुई थांबली होती.

दोन इंजिनं आवडली होती. पहिलं नारगोळच्या एका म्हाताऱ्याचं. फोटो इतका पुसट की इंजिन आहे की म्हैस तेच कळेना, वर एक कोंबडी बसलेली. मी चिठ्ठीचा फोटो मागितला तर उत्तर आलं, येऊन बघा. पुन्हा मागितला, पुन्हा तेच, येऊन बघा, वेळ नाही. त्याच्या नावापुढे एकही तारा नाही.

दुसरं वेरावळच्या हेतलबेनचं. चार सिलिंडर, गिअरबॉक्ससकट, फोटो असे की हात लावला तर ग्रीस लागेल. ती फोनवर बोलली सुद्धा. नवरा गेला, बोट विकली, इंजिन उरलं. म्हणाली, "मेरे घर में कोई मरद नहीं है बेन, देवर की नजर है इंजिन पर, जल्दी निकालना है." मी म्हटलं, आमचा देवर बरा, लांब बसून नुसती पत्रं लिहितो. ती हसली. चिठ्ठीचा फोटो मागितला तर संध्याकाळी हजर! मुरबे, तारीख, सगळं. तारे भरपूर. मागे काय विकलं ते पण बघितलं, घरातलं सामान, मिक्सर, साड्या, असलंच. बाईमाणूस आहे, तेच विकणार ना.

परवा लिलावाचा शेवटचा दिवस होता. फोन पाटावर ठेवला आणि आम्ही तिघं भोवती बसलो. आई तर किनाऱ्यावर मासळीचा लिलाव पुकारायला बसतात तशाच पदर खोचून. आमची बोली लागली की लगेच कोणी सागरकिंग नावाचा थोडं चढवायचा. आम्ही चढवलं की पुन्हा तो. आई म्हणाल्या, "हा कोण रं मेला? माल पण बघत नाय, नुसता आपल्या तोंडाकडं बघून चढवतो." हे म्हणाले, "आई, तिथं तोंड दिसत नाय." आई म्हणाल्या, "मला दिसतं."

शेवटी ह्यांनी हात आखडला. इंजिन सागरकिंगला गेलं. त्या संध्याकाळी दिवा लावायलाही कोणी उठलं नाही, शेवटी तो मीच लावला.

नारगोळचं अजून आहे. त्याचं काय करायचं, कळवा.

तुमची वहिनी
हेमांगी

•

कारवार
११ मे २०२४

वहिनी,

गेलं ते बरं झालं. नारळ फोडा.

आईला तोंड दिसलं ते खरं हाय. सागरकिंग त्या बाईचाच माणूस. सुरतच्या खोलीत एक पोरगा विकायचा आणि दुसरा बाजूलाच पलंगावर लोळत बोली चढवायचा. तुमचा दम किती हाय तो बघायला. आता त्यांना कळलाय. आता ऐका, हे लई महत्त्वाचं हाय. बाई परत येणार. म्हणेल, पहिला पळाला, तुमी दुसरे होता, तुमच्याच बोलीत घेऊन जा, पण साइटवर लिलाव संपलाय म्हणून पैसे खात्यात टाका. हे ठरलेलं असतं. दुसऱ्याला हेच सांगतात.

आणि ह्यात आई सापडणार, म्हणून आधी आईला सांगा. आपल्या किनाऱ्यावर काय नियम हाय? पहिल्या बोलीवाला मागं हटला तर मासळीची पाटी दुसऱ्या बोलीवाल्याची. त्याला नाय म्हणता येत नाय, जी बोली तोंडातनं गेली ती दिली. नाय उचलली तर आई त्याला सगळा हंगाम लिलावात उभं करत नाय. मी स्वतः बघितलंय, सातपाटीच्या एका व्यापाऱ्याला तिनं चार लोकांत हाकलला होता. पण तिथं पाटी वाळूवर असते. मासा दिसतो, कल्ला उघडून बघता येतो. इथं पाटीच नाय. हे तिला नीट समजवा.

चिठ्ठीचा फोटो आलाय म्हणता, तर त्यात चिठ्ठीची सावली पडलीय काय ते बघा. इंजिनाच्या नळ्यांची सावली जिकडं, चिठ्ठीची पण तिकडंच पायजे. नसली तर चिठ्ठी फोटोत मागनं चिकटवलीय. आणि मिक्सर-साड्या विकणं म्हंजे कव्हरं विकण्यासारखंच हाय. तुमी बाईमाणूस म्हणून सोडून दिलं.

नारगोळवाल्याला हात लावू नका. जो साधा फोटो देत नाय तो चोर.

आणि हे पत्र दादाला वाचून दाखवाच. सगळं. त्याला म्हणावं, बोट चालवणं वेगळं आणि दुनिया बघणं वेगळं. तू मुरब्याच्या खाडीबाहेर काय बघितलंस? ह्या वेळेला सातवीवाल्याचं ऐक.

निमेश

•

मुरबे
२८ मे २०२४

भाऊजी,

रागावू नका. इंजिन घेतलं.

तुम्ही लिहिलं तसंच झालं, पण तुमचं पत्र उशिरा मिळालं, पैसे त्याआधी गेले होते. हेतलबेनचा फोन आला की सागरकिंगनं फसवलं, पैसेच भरले नाहीत, साइटवाले आता महिनाभर पुन्हा लावू देणार नाहीत, आणि तेवढ्यात दीर कुलूप फोडेल. रडत होती. आई जवळच बोंबील निवडत होत्या. त्यांनी विचारलं, काय म्हणते? मी सांगितलं. आईंनी हात धुतले आणि म्हणाल्या, "आपली बोली दुसरी होती ना? मग पाटी आपली. बाई एकटी हाय म्हणून काय सोडून द्यायची? आपण शब्द दिला होता."

ह्यांना तेच हवं होतं बहुतेक. म्हणाले, आई बोलली, संपलं. मी म्हटलं, साइटच्या बाहेर नको. तर मला म्हणाले, "तू पण निमेशसारखी बोलायला लागलीस." मग मी कपाट उघडलं. माझ्या घिवलीच्या माहेरचं सोनं होतं ते मीच काढून दिलं. कोणी मागितलं नव्हतं, हे तुम्हाला सांगून ठेवते. उद्या ह्यांना बोल लावाल.

उद्या सकाळी हे टेम्पो घेऊन वेरावळला निघतात. हेतलबेन म्हणाली, भाई को भेजो, चाय पिलाके भेजूंगी. ह्यांनी नवा शर्ट काढलाय. बऱ्याच दिवसांनी दाढी केली. तुम्ही असता तर चिडवलं असतं.

सगळं नीट होईल. तुमची खोली मी झाडून ठेवली आहे.

हेमांगी

•

कारवार
५ जून

वहिनी, टेम्पो पाठवू नका. गेला असेल तर परत बोलवा. त्या आधी बँकेत जा, आणि पोलिसात, आजच. हे पत्र जेव्हा हातात पडेल तो आज. लवकर सांगितलं तर ते खातं बंद करता येतं, उशीर झाला की पैसे पुढं पुढं जातात. लाज वाटली तरी जा. इथं मुकादमाच्या पाया पडलो, कपाट उघडलं नाय. रविवारी गावात जाणाऱ्या ट्रकवाल्याकडं दादाचा नंबर दिलाय. ट्रकवाल्याचा फोन तरी दादा उचलेल.

निमेश

•

मुरबे
२४ जून २०२४

भाऊजी,

ट्रकवाल्याचा फोन आला तेव्हा हे वेरावळहून परत आलेले होते. आल्यावर तीन-चार दिवस आम्हाला खरं सांगितलंच नाही. म्हणाले, इंजिनाला अजून कागदपत्रं बाकी आहेत. टेम्पो रिकामा का आणला विचारलं तर म्हणाले, भाडं वाढत होतं. रात्री ओसरीवर बसून राहायचे. मग आईंनी एकदा सरळ विचारलं, "पाटी होती काय रं?" तेव्हा सगळं सांगितलं.

पत्ता बर्फाच्या कारखान्याचा निघाला. खरा कारखाना, दारावरचा नंबरही खरा, फक्त हेतलबेन नाही. ह्यांनी टेम्पो आत घेतला तर तिथला माणूस खुर्ची घेऊनच बाहेर आला. विचारलं सुद्धा नाही कशाला आलात. म्हणाला, "इंजिन लेने आए हो? बैठो. पहले पानी पियो." पाणी दिलं. मग सांगितलं की रत्नागिरीकडचे दोघं येऊन गेले, एक दीवचा आला होता, तो तर दगड घेऊन आत शिरला. ह्यांनी पाणी प्यायलं, ग्लास धुऊन ठेवला आणि परत फिरले. दगड मारला असता तरी बरं झालं असतं, असं मला वाटतं. तो ग्लास धुतला हे ऐकून मला जास्त वाईट वाटलं.

पोलिसात तक्रार दिली. नोंदवून घेतली, खातं गोठवायलाही सांगितलं, पण खात्यात काही उरलं नव्हतं. तिथले साहेब म्हणाले, फसलात हे कळलं त्याच दिवशी कळवलं असतं तर. त्या दिवशी हे टेम्पोत होते आणि नंतर ओसरीवर.

चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून बघितला. सावली नव्हती. नळ्यांची होती, चिठ्ठीची नव्हती.

आता एक लिहू की नको असं झालंय. नारगोळचं ते कोंबडीवालं इंजिन सातपाटीच्या अक्षयनं घेतलं. तो उठला आणि बघायला गेला, एवढंच. म्हातारा एकटा, हात थरथरतो, त्याला फोटो काढताच येत नव्हता. तो पुसट फोटो शेजारच्या पोरीनं काढलेला. अक्षयला त्यानं जेवू घातलं, इंजिन तीनदा चालू करून दाखवलं. आता अक्षयची बोट खाडीत उभी असते, इंजिन तपासायला मध्येच सुरू करतो. हे आवाज आला की उठून आत जातात.

बंदीमुळे सध्या खाडीची थोडी मासळी येते, आई तेवढीच पुकारतात. परवा एक जण मागे हटला आणि आईंनी दुसऱ्याचं नाव घेतलं, तर तो म्हणाला, "नलूबाय, पाटी इथंच उचलू की वेरावळला जाऊ?" सगळे हसले. बायका पण. आईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पुढची पाटी घेतली. 

हेमांगी

•

कारवार
७ जुलै २०२४

वहिनी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

नारगोळवाल्याला नको मीच म्हटलं होतं. चोर मीच म्हटलं. ते तुमी लिहिलं नाय पण मला ठाऊक हाय. सुरतला चहा नेऊन नेऊन मला एवढंच कळलं की चोर कसा दिसतो. खरा माणूस कसा दिसतो ते कोण दाखवणार, त्या खोलीत तसा कुणी नव्हताच.

पण बाकीचं? आईचा नियम, त्या बाईचं रडणं, दादाचा नवा शर्ट. मी सगळं आधी लिहिलं होतं. टपाल उशिरा आलं म्हणता. मी इथनं टाकलं त्या दिवसापासून मोजतो तेव्हा मला ते उशिरा वाटत नाय. पण तुमी म्हणता तर असेल.

खोली झाडून ठेवलीत, तिच्यात जाळी ठेवा. मी येत नाय. मुकादमानं अजून एका वर्षाचं विचारलं होतं, मी आज अंगठा देऊन आलो. सही येते मला, पण अंगठाच दिला. राग आला होता.

निमेश

•

मुरबे
२५ ऑगस्ट २०२४

निमेश,

मी लिहितोय. हेमांगी नाय.

तुझं पत्र उशिरा आलं नव्हतं. पैसे पाठवायच्या आदल्या दिवशी आलं. हेमांगीनं सगळं वाचून दाखवलं. बोट चालवणं वेगळं ते पण. आई बसलेली. ऐकून आई म्हणाली, "थांबू या रं. तो तिकडं बघून आलाय." तीच आधी शब्द शब्द करत होती, तीच म्हणाली थांबू या. मी म्हटलं, तू बोललीस ते बोललीस, आता मागं नाय. आणि सकाळी पैसे पाठवले. मला त्या बाईची दया आली नव्हती. मला तुला खोटं पाडायचं होतं. हेमांगीला मीच सांगितलं, उशिरा आलं म्हणून लिही. तिला बोलू नको. आणि गावात सगळे आईचा नियम आईचा नियम म्हणतात. आईला पण बोलू नको.

नारळी पौर्णिमेला सगळ्या बोटी गेल्या. आपली वर ओढून ताडपत्री घातलीय.

तारापूरला एका कंपनीत ठेक्यावर लागलो होतो. पिंपं धुवायची. काम कसलं पण चालेल. पण बसमध्ये अर्धं मुरबं असतं. चढलो की मागून ओरडतात, "काय तांडेल, आज भरती किती?" एक दिवस हसलो. दुसऱ्या दिवशी पण हसलो. मग एकाची कॉलर धरली, बस थांबली, उतरवलं मला. परत गेलो नाय.

तिकडं कारवारला कोण मला ओळखत नाय. काम हाय काय? कसलं पण. तुझ्या हाताखाली असलं तरी.

प्रदीप

•

कारवार
४ सप्टेंबर २०२४

दादा,

काम हाय. मी मुकादमाशी बोललो.

वसईहून कारवारची गाडी पकड. आधारकार्ड आण, दोन फोटो आण. मोबाईल आणलास तर तो कपाटात जाणार, म्हणून वहिनीकडं ठेव, तिला लागेल. चांगले कपडे आणू नको. सिमेंटनं जातात. पायाला फडकी बांधायला जुनी लुंगी आण, बुटात पाणी राहतं आणि बोटं सडतात.

काम असं हाय. ठोकळ्याचा लोखंडी साचा असतो, तो आतनं घासायचा आणि तेल फासायचं, म्हंजे काँक्रीट चिकटत नाय. आत वाकून शिरावं लागतं. तू माझ्यापेक्षा उंच, त्रास होईल. पयल्या आठवड्यात पाठ धरते, मग धरत नाय. आमच्या टोळीत बारा जण हायत आणि पुढं मी हाय. म्हंजे वेळेत साचा भरला नाय तर वरचा मला धरतो, आणि मी बाकीच्यांना.

आता हे नीट वाच. मुकादमाला मी गावचा माणूस सांगितलाय. भाऊ सांगितला नाय. एका टोळीत दोन भाऊ तो घेत नाय, म्हणतो एक झोपतो, दुसरा झाकतो. आधारवर आपल्या दोघांच्या नावामागं कमलाकांत दिसेल. विचारलं तर सांग, आमच्याकडं अर्ध्या गावाच्या बापाचं नाव कमलाकांतच हाय. मुकादम कोकणात कधी गेला नाय, पटेल त्याला.

माझ्या तोंडात दादा येईल, पण मी म्हणणार नाय. तू मला निमेशभाई म्हण, सगळे म्हणतात. चुकलास तर मी ओरडीन, चारचौघात ओरडीन, कारण बाकीच्यांना ओरडतो आणि तुला सोडलं तर लगेच कळेल. आईवरनं शिवी देणार नाय, ती माझी पण आई हाय. बाकी सगळी देईन. तू खाली बघ आणि हो म्हण. रात्री खोलीत पण आपण दोघं नसतो, बारा जण असतात. तिथं पण असंच.

मी जे लिहिलं होतं दुनिया बघण्याचं, ते लिहायला नको होतं असं मला वाटतं की नाय, ते मला अजून कळलेलं नाय. कळलं तर सांगीन.

गाडी पहाटे येते. मी स्टेशनावर येतो. तिथनं कामावर जायला ट्रक येईपर्यंत वेळ असतो, एक चहाची टपरी उघडी असते. जे काय बोलायचं, शिव्या द्यायच्या, मारायचं, ते सगळं तिथं करून घे. मी पण करून घेईन. ट्रकमध्ये चढलो की मी तुला ओळखत नाय.

ये.

निमेश